जयपूर: दोन दिवसांचा पास वसूल व्हायला कुठला सीझन बरा?

चिंचवडकर_बाबा
नमस्कार मंडळी. जयपूरला जायचं आमचं तीन वर्षं चाललंय, दर वेळी काहीतरी आडवं येतं. या वर्षी नक्की. आम्ही पाच जण, मी, बायको, पाचवीतला मुलगा आणि आई-बाबा. बाबा 72 चे, गुडघे कुरकुरतात पण ऑपरेशनचं नाव काढलं की चिडतात. तिथे ते कंपोझिट तिकीट मिळतं ना, दोन दिवसांचं, आमेर, नाहरगड, हवामहल, जंतरमंतर, अल्बर्ट हॉल वगैरे सगळं एकातच, ते घ्यायचा विचार आहे. प्रश्न एवढाच की जायचं कधी. शाळेमुळे मे, दिवाळी नाहीतर नाताळ असे तीनच पर्याय. मे मध्ये हॉटेलं अगदी स्वस्त दिसतायत म्हणून बायकोचं मत मे. आई म्हणते आपण मूळचे अकोल्याचे, आपल्याला उन्हाचं काय कौतुक. जाऊन आलेल्यांनी सांगा.

सुटकेस_तयार
काकूंना सांगा, अकोल्यात मे महिन्यात दुपारी आपण पडदे ओढून कूलरसमोर आडवे असतो, किल्ला चढत नसतो 😄
आम्ही हा शहाणपणा केलाय. मे चा तिसरा आठवडा, हॉटेल मस्त स्वस्त, खूश होतो. पहिल्या दिवशी सगळ्यांचं आवरून आमेरला पोचेपर्यंत अकरा वाजले, तो दगडी चौक असा तापलेला की चपलेतून चटका लागत होता, सासूबाई जलेब चौकात भिंतीच्या सावलीला बसल्या त्या बसल्याच, ओला रुमाल, इलेक्ट्रॉल सगळं झालं, शेवटी नवरा आणि मुलगी वर जाऊन आले आणि मी त्यांच्याजवळ बसून राहिले. शीशमहल मी अजून पाहिलेला नाही. दुसऱ्या दिवशी पास पर्समध्ये आणि आम्ही एसीत. संध्याकाळी ऊन उतरल्यावर निघालो तर हवामहल बंद व्हायला आलेला. आठातल्या तीन जागा बघून परत आलो, त्यापेक्षा सुटी तिकिटं घेतली असती तर स्वस्त पडलं असतं.

जोधपुरी_जोडा
मी कामानिमित्त सहा वर्षं जयपूरला होतो म्हणून सांगतो. वरच्या ताईंनी मुद्द्याचंच सांगितलंय. पास दोन दिवसांचा असतो आणि बहुतेक ठिकाणं संध्याकाळी पाचच्या आसपास बंद होतात. म्हणजे तुमच्या हातात दोन दिवसांतले दिवसाउजेडीचे तास फक्त, आणि मे मध्ये त्यातले अकरा ते चार गेलेच म्हणून समजा.
सगळ्यात भारी काळ विचाराल तर फेब्रुवारीचे शेवटचे पंधरा दिवस, पण तेव्हा पोरांच्या परीक्षा जवळ आलेल्या असतात त्यामुळे तुम्हाला काही उपयोग नाही. नाताळ ते एक जानेवारी मी शत्रूलाही सांगणार नाही, आमेरच्या रस्त्यावर गाड्या मुंगीसारख्या सरकतात, रिक्षावाले तोंडाला येईल तो भाव सांगतात, आणि सकाळी धुकं असलं तर नाहरगडावरून शहर दिसतच नाही. राहिली दिवाळी. पण पाडवा-भाऊबीज सोडा. जोहरी बाजार, त्रिपोलिया बाजारची रोषणाई बघण्यासारखी असते हे खरं, पण तेव्हा अर्धा गुजरात आणि उरलेला महाराष्ट्र तिथेच असतो. शाळेच्या सुट्टीचे शेवटचे पाच-सहा दिवस पकडा, गर्दी ओसरलेली असते, दुपारी फिरता येतं, रात्री पातळ स्वेटर पुरतो.
आणि हो, आल्या दिवशी संध्याकाळी "घेऊन ठेवू" म्हणून पास घेऊ नका, तो दिवस धरूनच दोन दिवस मोजतात! सकाळी आमेर आठला उघडतं, तिथेच घ्या. सिटी पॅलेस आणि जयगड पासमध्ये नाहीत, त्यांची तिकिटं वेगळी. रात्रीचं आमेरही वेगळं.

सावली_मोजणारा
जंतरमंतरबद्दल कोणी बोलतच नाही म्हणून लिहितोय. तिथे ऊन पाहिजे बाबांनो, ढग किंवा धुकं असेल तर ती नुसती विचित्र आकाराची बांधकामं आहेत. मुलगा पाचवीत आहे ना, मग दुपारी बाराच्या आसपास त्याला सम्राट यंत्राजवळ, म्हणजे तिथल्या भल्यामोठ्या सूर्यघड्याळाजवळ, उभा करा. 27 मीटर उंच आहे ते, त्याची सावली मिनिटाला साधारण पंजाभर सरकते, डोळ्यांना सरकताना दिसते अक्षरशः. आमची पोरगी खडूने खूण करायला निघाली होती, गार्ड धावत आला.
अजून एक गंमत. यंत्रावरची वेळ आणि आपलं घड्याळ जुळत नाही कारण जयपूर आपल्या प्रमाणवेळेच्या रेखांशाच्या बरंच पश्चिमेला आहे, त्याचा फरक 27 मिनिटांच्या आसपास. पण सूर्य वर्षभर एका चालीने चालत नाही, त्यामुळे नोव्हेंबरच्या सुरुवातीला हा फरक जेमतेम 10 मिनिटं राहतो आणि फेब्रुवारीच्या मध्यावर 40 वर जातो. तुम्ही दिवाळीनंतर गेलात तर मुलाला आधी घड्याळ बघायला सांगा आणि मग यंत्र वाचायला लावा.

घेवरप्रेमी
श्रावणाचा पर्याय कोणी दिला नाही? 15 ऑगस्टला जोडून जा. नाहरगडच्या टेकड्या हिरव्यागार, तीजच्या दिवसात प्रत्येक मिठाईवाल्याकडे घेवरचे डोंगर, गर्दी कमी. पाऊस आपल्या कोकणासारखा नसतोच तिकडे, तासभर पडतो आणि मग उकडतं. सावली_मोजणारा यांच्या यंत्राचं मात्र काही सांगता येत नाही 😅

चिंचवडकर_बाबा
@घेवरप्रेमी मोह होतोय पण 15 ऑगस्टला शाळेत झेंडावंदन, पोरगा बँडमध्ये आहे.
बाबांच्या गुडघ्यांचं कोणी सांगा ना. किती चढावं लागतं?

जोधपुरी_जोडा
आमेरला खालून जीप मिळते, थेट वर सोडते, चढण टळते. आत थोड्या पायऱ्या आहेत पण बसत-बसत जमेल. हवामहलात वरच्या मजल्यांवर जायला बराचसा उतरता-चढता रॅम्पच आहे, राण्यांच्या पालख्यांसाठी केलेला म्हणतात. दार मागच्या बाजूने आहे, समोरच्या रस्त्यावर शोधत बसू नका. आणि समोरून फोटो हवा असेल तर सकाळीच, तोंड पूर्वेला आहे त्याचं, दुपारनंतर काळवंडतं.

दप्तर_आणि_दुर्बीण
पासमध्ये इसरलाट म्हणून एक मनोरा आहे, सरगासूली पण म्हणतात, त्रिपोलिया बाजाराजवळ. तो प्लीज सोडू नका, सगळे सोडतात. 1749 मध्ये सवाई ईश्वरीसिंहाने विजयस्तंभ म्हणून बांधला, सावत्रभाऊ माधोसिंहाशी गादीवरून भांडण होतं आणि माधोसिंहाच्या बाजूला आपले होळकर. मनोरा पुरा होऊन जेमतेम वर्ष झालं, 1750 च्या डिसेंबरात मल्हारराव थकलेली खंडणी वसूल करायला जयपूरवर चालून आले आणि ईश्वरीसिंहाने विष घेतलं. वर गेलात की सगळं जुनं शहर पायाशी दिसतं. मी वर उभा होतो तेव्हा खाली कोणीतरी "कुठून आलात" विचारलं, महाराष्ट्र म्हणताना जरा जीभ अडखळली खरी. पुरंदरच्या तहाचे मिर्झाराजे आमेरचेच, ते आपल्याला पाठ असतं, ही दुसरी बाजू कोणी सांगत नाही.
बाबांना मात्र वर नेऊ नका, खाली चहा पाजा.

चिंचवडकर_बाबा
ठरलं. दिवाळीच्या सुट्टीचा शेवटचा आठवडा. मुंबई सेंट्रलवरून जयपूर सुपरफास्ट, 60 दिवस आधी सकाळी आठला मोबाईल घेऊन बसतो. जलेब चौकाचा किस्सा बायकोला वाचून दाखवला, ती गप्प झाली आणि म्हणाली की मग मे मध्ये महाबळेश्वर. आई मात्र अजून म्हणतेय, अकोल्याची माणसं आपण.