कढीपत्त्यावरच्या अळ्या: फवारायचं की नाही?

बी-१०४ काकू: गेटजवळच्या कढीपत्त्यावर पक्ष्याची शिट पडलीय म्हणून पुसायला गेले तर ती हलली! फोटो टाकलाय. काय आहे हे?

सेक्रेटरी: कीड आहे. उद्या पेस्ट कंट्रोलवाला येतोच आहे, फवारून घेऊ.

ए-३०२: काका, थांबा जरा. फुलपाखराची अळी आहे ती. कॉमन मॉरमॉन नाहीतर लाइम, लहानपणी दोन्ही सारख्याच दिसतात. पक्ष्यांनी खाऊ नये म्हणून शिटेचं सोंग! मोठी झाली की हिरवीगार होते. डिवचलं तर डोक्यामागून लालसर शिंगं काढून उग्र वास सोडते.

बी-१०४ काकू: ईईई. आणि माझ्या फोडणीचं काय?

ए-३०२: माझ्या कुंडीतला न्या काकू. याला परत पालवी फुटेल.

डी-६०१: सुप्रभात 🙏🌹

सी-२०५ ताई: दादा, माझे मोबाइलवरचे फुलपाखरांचे फोटो सगळे धूसर येतात. जवळ गेलं की उडतंच.

ए-३०२: सकाळी लवकर जा ताई. अंग तापेपर्यंत ती पंख पसरून उन्हात बसून राहतात. वाकून, सावकाश जायचं, आपली सावली पडू द्यायची नाही. फोकस डोळ्यावर. डोळा स्पष्ट आला की पंखाचं टोक धूसर असलं तरी चालतं. झूम करू नका, नंतर क्रॉप करा. चतुर त्याहून सोपा. उडाला तरी बऱ्याचदा त्याच काडीवर परत येतो, तिथेच फोन रोखून उभं राहायचं.

सी-२०५ ताई: गच्चीवर घिरट्या घालतात ते पिवळट चतुर? ते तर बसतच नाहीत!

ए-३०२: वाँडरिंग ग्लायडर. त्यांचा नाद सोडा 😀 पावसाळा सरला की समुद्र ओलांडून मालदीवमार्गे पूर्व आफ्रिका गाठणारी जात ती. बाय द वे सेक्रेटरी काका, चतुर डास खातात आणि त्यांची पिल्लं पाण्यातल्या डासांच्या अळ्या. बिल न लावता.

सेक्रेटरी: बरं बरं. कढीपत्ता आणि लिंबू सोडू.

ए-३०२: कंपाउंडचे उंच अशोक पण. टेल्ड जे फुलपाखरू त्यावर अंडी घालतं.

सेक्रेटरी: मग फवारू काय, पार्किंग?

बी-१०४ काकू: हो! झुरळं तिथेच आहेत.

सी-२०५ ताई: आपलं राज्य फुलपाखरू ठाण्यात दिसतं का हो?

ए-३०२: ब्लू मॉरमॉन ना, २०१५ ला जाहीर झालेलं? येऊरला दिसतं. रविवारी ओवळेकर वाडीच्या फुलपाखरू उद्यानात जातोय, गाडीत दोन जागा आहेत.

बी-१०४ काकू: मी आणि हे येतो. किती वाजता?

ए-३०२: साडेसहा. फुल बाह्या घाला, आणि काकांना सांगा, सेंट नको.