डोस वाढवणार कोण?

हार्ट फेल्युअर, म्हणजे हृदय पुरेसं रक्त पंप करू न शकणं, या आजारात 'औषधं डॉक्टर देतात, मग नर्स-फार्मासिस्टची टीम कशाला?' असं विचारलं जातं. हार्ट फेल्युअरच्या बऱ्याच गोळ्या लहान डोसने सुरू होतात आणि बीपी आणि रक्तातलं पोटॅशियम, क्रिएटिनिन (यावरून किडनीचं काम कळतं) बघत वाढवायच्या असतात. नेमकं हे वाढवणंच राहून जातं. माझ्या वडिलांचा बीटा ब्लॉकर (हृदयाचे ठोके मंद करणारी गोळी) वर्षभर सुरुवातीच्याच डोसवर होता! फार्मासिस्टने सगळ्या स्ट्रिप्स टेबलावर मांडायला लावल्या, तेव्हा कुठे लक्षात आलं. २०२२ च्या स्ट्राँग-एचएफ या हार्ट फेल्युअरच्या रुग्णांवरच्या चाचणीत एका गटासाठी डिस्चार्जनंतर दोन आठवड्यांत पूर्ण डोस गाठायचा आणि वरचेवर तपासायचं, असं ठरवलं होतं. १८० दिवसांत मृत्यू किंवा हार्ट फेल्युअरमुळे पुन्हा अ‍ॅडमिट होण्याचं प्रमाण त्या गटात १५.२ टक्के, नेहमीच्या उपचारांत २३.३. इतक्या वेळा तपासणं एकट्या डॉक्टरांना कसं झेपणार? आमच्याकडे आता नर्स फोन करून बीपीची वही वाचून घेते.