मदत हवी आहे: १० लिटरच्या केसमध्ये सीपीयू आणि ग्राफिक्स कार्ड एकत्र चाललं की तापमान चढतं

नमस्कार मंडळी,

टेबलावर जागा कमी, म्हणून दोन महिन्यांपूर्वी जेमतेम १० लिटरच्या केसमध्ये संगणक जोडला. काम ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरचं. एकदा रेंडर (दृश्याचं अंतिम चित्र तयार करणं) लावला की सीपीयू आणि ग्राफिक्स कार्ड दोन्ही तासन्‌तास राबतात.

जुळणी अशी: सीपीयू रायझन ७ ७७००एक्स, मिनी-आयटीएक्स (छोट्या आकाराचा) बोर्ड, ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ४०७०. केस सँडविच पद्धतीची, म्हणजे एका अंगाला बोर्ड, दुसऱ्या अंगाला रायझर केबलवर (कार्ड बोर्डाला जोडणाऱ्या पट्टीवर) कार्ड, पाठीला पाठ लावून. कूलर ४७ मिमी उंचीचा, त्याचा पंखा झाकणाकडून हवा घेऊन बोर्डावर फेकतो. वर १२० मिमीचे दोन बारीक पंखे, दोन्ही हवा बाहेर काढणारे.

सुरुवातीला अर्ध्या मिनिटात सीपीयू ९५ अंशांवर जायचा. हा प्रोसेसर तिथपर्यंत जाण्यासाठीच बनवलेला आहे आणि तिथे पोचला की स्वतःच वेग आवरतो, त्यामुळे जळण्याची भीती नाही. त्रास आवाजाचा. शेजारच्या खोलीत बाळ झोपलेलं असतं.

मग बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) ६५ वॅटचा इको मोड, म्हणजे कमी विजेवर चालण्याचा पर्याय, लावला. एरवी हा सीपीयू १४२ वॅटपर्यंत वीज ओढतो, इकोत, नाव ६५ चं असलं तरी, ८८ वर थांबतो. १८ मिनिटांचा रेंडर साडेएकोणीस मिनिटांवर गेला, पण तापमान ७८ वर आलं! छोट्या केसवाल्यांनी बाकी काही करण्याआधी हेच करावं, असं माझं ठाम मत झालंय. कार्डही अंडरव्होल्ट करून (व्होल्टेज कमी करून) २०० वॅटवरून १६५ च्या आसपास आणलं.

घोडं अडलंय ते पुढे. नुसता सीपीयू चालला तर ७८, पण कार्डही राबू लागलं की वीसेक मिनिटांत ८९-९०. बाजूचं जाळीदार झाकण काढलं की तोच आकडा ८१. म्हणजे कूलर कमी पडत नसावा, हवेच्या वाटेतच काहीतरी चुकतंय. थर्मल पेस्ट (सीपीयू आणि कूलरमधला उष्णता वाहून नेणारा लेप) दोनदा नव्याने लावली, एका अंशाचाही फरक नाही. कूलरचा पंखा उलटा बसवला तर सीपीयू २ अंश उतरला, पण बोर्डावरचा एसएसडी (डेटा साठवणारा भाग) आणि व्हीआरएम (सीपीयूला वीज पुरवणारा भाग) चांगलेच तापले. पुन्हा होता तसा केला.

वरच्या पंख्यांच्या जागी पाण्याने थंड करणाऱ्या कूलरचा २४० मिमीचा रेडिएटर बसतो. पण मग कार्डाची गरम हवाही त्यातूनच जाणार, शिवाय पंपाचा आवाज. तिकडे वळण्याआधी काही करून बघण्यासारखं राहिलंय का?

प्रतिसाद:
कूलरच्या पंख्यापासून झाकणापर्यंत अंतर किती आहे, ते आधी मोजा. सेंटीमीटरभर फट असेल तर पंखा बाहेरची हवा पुरेशी घेत नाही, कडेच्या फटीतून केसमधली तापलेली हवाच पुन्हा पुन्हा ओढतो. झाकण काढल्यावर ९ अंश उतरतात, त्यावरून मला तरी हेच वाटतं. पंख्याच्या कडेभोवती मऊ फोमची चौकट चिकटवा. झाकण लावल्यावर ती किंचित दाबली गेली पाहिजे, मात्र पात्यांना लागता कामा नये. रेडिएटरचा विचार नंतर. आणि दरवेळी खोलीचं तापमानही लिहून ठेवा. खोली ५ अंशांनी तापली तर सीपीयूही जवळपास तेवढाच चढतो, आणि आपण उगाच कूलरला दोष देत बसतो.

धागाकर्ता:
मोजलं, १२ मिमी निघालं. बोर्डाच्या खोक्यात आलेला फोम कापून चौकट केली. खोली २८ अंशांवर, झाकण लावलेलं, सीपीयू आणि कार्ड दोन्ही राबतायत, आणि अर्ध्या तासानंतर ८२! पंख्याचा वेगही खाली आणता आला. तुमचे मनापासून आभार, दोन महिने हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. आता एसएसडी ७१ वर आहे. रोज तासन्‌तास एवढं तापमान राहिलं तर चालेल, की त्यावर वेगळा हीटसिंक (उष्णता शोषून पसरवणारा धातूचा तुकडा) लावू?