सोसायटीतल्या फ्लॅटमध्ये शिवणकाम: परवानगी नक्की कशाची लागते?

टाकाटीप:
पुण्यात सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर स्वतःचा टू बीएचके आहे. त्यातल्या एका खोलीत ब्लाउज आणि ड्रेस शिवायचं काम सुरू करायचंय. दोन पॉवर मशीन, एक ओव्हरलॉक (कापडाच्या कडा बांधायचं मशीन) आणि स्टीम इस्त्री एवढा सरंजाम असेल. मदतीला एक पगारी मुलगी ठेवायचा विचार आहे. सेक्रेटरींचं म्हणणं, कमर्शिअल मीटर घ्या आणि नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस भरा. एजंट सांगतो, उद्यम (छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी) आणि शॉप ॲक्ट काढून देतो, मग कुणी बोट लावू शकत नाही. यातलं खरं काय?

नकाशामंजूर:
एजंटचं ऐकू नका. उद्यम आणि शॉप ॲक्ट हे तुमच्या धंद्याचे कागद आहेत. त्या जागेत तो धंदा चालतो का, हे विकास नियंत्रण नियमावली ठरवते. मुंबई आणि काही वेगळी नियोजन क्षेत्रं सोडली तर राज्यभर २०२० पासून युडीसीपीआर ही एकत्रित नियमावली लागू आहे, पुण्यातही. निवासी विभागात काय चालतं त्या यादीत घरगुती व्यवसाय आहे आणि त्यात शिवणकाम, भरतकाम, बटणं करणं ही कामं नावानिशी दिलेली आहेत. म्हणजे तुमचं काम मुळात बसतं. पण अटी दोन: काम घरातल्या माणसांनी करायचं, पगारी मजूर नको, आणि मोटर वापरली तर एकूण भार १ एचपी, म्हणजे ०.७५ किलोवॅटच्या आत.

तुमचं अडतं ते इथेच. जुन्या पॉवर मशीनची क्लच मोटर बहुतेक अर्ध्या एचपीची असते. अशा दोन लावल्या की मर्यादा भरली, ओव्हरलॉकला जागाच उरली नाही. पाय दाबला तेवढीच फिरणारी सर्वो मोटर वीज कमी खाते हे खरं, पण तिच्यावरच्या माहितीच्या प्लेटवर कित्येकदा ५५० वॅट छापलेलं असतं, आणि तपासणीत वाचली जाते ती प्लेट. म्हणून विकत घेण्याआधी तिन्ही मशीनच्या प्लेटवरचे वॅट मांडा आणि बेरीज ७५० च्या आत येते का बघा. एक पॉवर मशीन अर्ध्या एचपीचं ठेवून दुसरं आणि ओव्हरलॉक साध्या घरगुती मोटरचं घेतलंत तर हिशेब आरामात बसतो. घरगुती मोटर साधारण १०० वॅटच्या आसपास असते. इस्त्रीला मोटर नाही, ती या बेरजेत धरत नाहीत. तिचा प्रश्न वीजबिलात येतो.

मीटररीडिंग:
सेक्रेटरींचं मीटरबद्दलचं म्हणणं अर्धवट आहे. महावितरणच्या निवासी दरात एक सोय आहे: राहत्या घराच्या काही भागात धंदा असेल, महिन्याचा वापर ३०० युनिटच्या आत असेल आणि मागच्या आर्थिक वर्षात एकूण ३,६०० युनिटच्या आत असेल, तर घरगुती दरच लागतो. घराचे आणि धंद्याचे युनिट वेगळे मोजत नाहीत, बिलावरचा पूर्ण आकडा धरतात.

गोची होते ती उन्हाळ्यात. १,००० वॅटची इस्त्री दिवसाला तीन तास धरली तर २५ दिवसांत जास्तीत जास्त ७५ युनिट; थर्मोस्टॅट मधे मधे बंद होतो म्हणून प्रत्यक्षात कमीच. घराचे १५० धरले तरी निभतं. त्यात मे महिन्यात एसी लागला की ३०० ओलांडायला वेळ लागत नाही. मागच्या बारा बिलांतले युनिट आजच लिहून काढा. घराचेच २५० च्या वर जात असतील तर स्वतःहून वर्गवारी बदलून घेतलेली बरी. टेलरिंग शॉप वाणिज्यिक वर्गात येतं.

हे गांभीर्याने घ्या, कारण घरगुती जोडणीवर दुकान सापडलं तर वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली आकारणी होते. लागू दराच्या दुप्पट, आणि वापर कधीपासून आहे हे ठरवता आलं नाही तर तपासणीआधीच्या बारा महिन्यांची. तात्पुरत्या आकारणीचा कागद हातात पडला की लेखी हरकत लगेच द्या आणि सोबत बारा महिन्यांची बिलं जोडा. अंतिम आदेशानंतर अपील करायचं तर निम्मी रक्कम आधी भरावी लागते.

सभासद_क्र_४:
नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस फ्लॅट भाड्याने दिला तरच लागतात, आणि तेही सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंतच. स्वतः राहून काम करणाऱ्याकडून ते मागता येत नाहीत.

पण सोसायटीशी भांडून सुरुवात करू नका. कमिटीला एक पानाचं पत्र द्या आणि पोच घ्या. त्यात कोणती खोली, किती मशीन, एकूण वॅट, कामाची वेळ, ट्रायलला गिऱ्हाईक वेळ ठरवूनच येईल, आणि कापडाचे गठ्ठे जिन्यात किंवा पॅसेजमध्ये ठेवणार नाही, एवढं स्पष्ट लिहा. तक्रार बहुधा खालच्या मजल्यावरून येते, आणि ती आवाजापेक्षा थरथरीची असते. स्टँडच्या चारही पायांखाली जाड रबर पॅड घाला आणि मशीन सामाईक भिंतीपासून वीतभर पुढे ओढा. क्लच मोटर टाका घालत नसतानाही घुमत राहते. सर्वो पाय काढला की थांबते. दुपारच्या झोपेच्या वेळी हा फरक खाली चांगलाच जाणवतो.

टाकाटीप:
मग मदतनीस अजिबातच ठेवता येणार नाही का? आणि दारावर पाटी?

नकाशामंजूर:
खोलीत पगारी माणूस बसवलात की ‘घरगुती व्यवसाय’ ही ढाल गेली. त्यापेक्षा हुक, काज-बटण, तुरपाई, फॉल ही हातकामं नगावर बाहेर द्या. त्या बायका आपापल्या घरी करतात. रोज दोन माणसं लागण्याइतकं काम वाढलं तर सरळ गाळा बघा.

दाराबाहेर दुकानासारखा बोर्ड नको, नावाच्या पाटीखाली एक ओळ पुरे. बोर्ड दिसला की घरपट्टीवाले त्या खोलीची आकारणी बिगरनिवासी दराने करू शकतात. पुणे महापालिकेची ४० टक्के सवलतही स्वतः राहत असलेल्या निवासी मिळकतीलाच आहे, हे ध्यानात असू द्या.

वहीखाते:
कागदांचं सांगतो. उद्यम सरकारी पोर्टलवर फुकट होतं, आधार आणि पॅन पुरतं. एजंटला पैसे कशाला? शॉप ॲक्टमध्ये एवढ्या लहान कामाला नोंदणी नाही, फॉर्म एफ मध्ये ऑनलाइन सूचना द्यायची, सुरू केल्यापासून ६० दिवसांत. चालू खातं उघडताना बँक या सूचनेचीच पावती मागते. त्यात कामगारांचा आकडा खरा भरा, कारण पत्त्यासकट तो पुढे तुमच्याच विरुद्ध दाखवला जातो.

जीएसटीत गिऱ्हाइकाच्या कापडावर नुसती शिलाई केली तर ती सेवा, नोंदणीशिवाय उलाढालीची मर्यादा वर्षाला २० लाख. स्वतःच्या कापडाचे तयार ड्रेस विकले तर तो माल, फक्त माल असेल तर ४० लाख. दोन्ही एकत्र करणार असाल तर २० लाखच धरून चाला. आणि तयार ड्रेस परराज्यात कुरिअरने विकायला लागलात की उलाढाल कितीही कमी असो, नोंदणी आधी करा.