घोषवाक्यं आणि ऑनलाइन मतचाचण्यांवर प्रहसन बसवायचंय, मदत हवी

पारावरचा: गणपतीत सोसायटीच्या कार्यक्रमासाठी दहा मिनिटांचं प्रहसन आहे. अर्धं जाहिरातींच्या घोषवाक्यांवर, अर्धं ऑनलाइन मतचाचण्यांवर. वाचताना मजा येते, तालमीत मात्र कुणी हसत नाही. खरे ब्रँड घ्यावेत का?

विंगेतून: खरे ब्रँड नकोत. लोकांच्या कानात घोषवाक्याची चाल बसलेली असते, तेवढी पुरते. चाल तशीच ठेवून एकच शब्द बदला, तोही यमकात. बिल्डरच्या जाहिरातीतलं ‘विश्वास तीन पिढ्यांचा’ घ्या आणि ‘वनवास तीन पिढ्यांचा’ करा. ताबा रखडलेल्यांना पुढचं सांगावं लागत नाही. दोन-तीन शब्द बदलले की मूळ वाक्य ओळखूच येत नाही, तुमचं बहुधा तिथेच अडतंय. मूळ वाक्य आधी दोनदा अगदी गंभीरपणे म्हणा, तिसऱ्यांदा बदला. ‘अटी लागू’ला स्वतंत्र पात्र द्या, सगळ्या अटी एका दमात म्हणणारं. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबत केंद्राची २०२२ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. त्यांनुसार खुलासा दाव्याच्याच भाषेत हवा. म्हणजे दावा मराठीत आणि अटी इंग्रजीत, हा प्रवेश आयताच मिळाला!

आकडेमोड: मतचाचणीत हशा पर्यायांवर येतो. ‘आमची सेवा कशी वाटली?’ उत्तम, अत्युत्तम, शब्द अपुरे. तीनच ठेवा. निकालासाठी पुठ्ठ्याचे दोन खांब करा, ४९ टक्के आणि ५१ टक्के. अक्ष ४८पासून सुरू केला की एक खांब वीतभर, दुसरा तीन वीत. टाळ्या पडल्या की तळाचा ४८ दाखवा.

खरं उदाहरण हवं तर २०१६चं ब्रिटनमधलं घ्या. ध्रुवीय संशोधन जहाजासाठी लोकांकडून नावं मागवली, ‘बोटी मॅकबोटफेस’ या थट्टेतल्या नावाला सव्वा लाखाच्या आसपास मतं पडली. अंतिम निर्णय आयोजकांकडे राखलेला होता. जहाजाला निसर्गपट करणारे डेव्हिड अ‍ॅटनबरो यांचं नाव दिलं, जिंकलेलं नाव त्यावरच्या पाण्याखाली फिरणाऱ्या यंत्राला.

पारावरचा: वा, पर्याय आजच बदलतो. शेवटी प्रेक्षकांचं मत मोबाइलवर घेऊ का?

आकडेमोड: नको. गूगल फॉर्मला एकच प्रतिसादाची अट घातली तर लॉगिन मागतो, ज्येष्ठ मंडळी तिथेच थांबतात. अट काढली तर पोरं एकेक करून पन्नास मतं टाकतात. शिवाय मंडपात सगळ्यांनी एकदम नेट लावलं की पान उघडत नाही. हात वर करायला सांगा, आणि कुणी मोजायला सुरुवात करायच्या आत निकाल वाचून टाका.