नाईट ड्युटीसाठी पेनटॉर्च कोणता घ्यावा?

सिस्टर_लातूर: वॉर्डात लाईट गेली की एका हातात सलाईन अन् दुसऱ्यात मोबाईलचा टॉर्च, असंच चालूय, आता चांगला पेनटॉर्च घ्यायचाय, १००० लुमेनवाला घेऊ का?

परभणीकर: लई उजेड कामाचा नाही ताई. डोळ्याच्या बाहुल्या बघायला मंदच पाहिजे, पेशंटला आंधळं करता का काय! सीआरआय, म्हंजे उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, ९०च्या वर अन् उजेडाचा रंग ४००० केल्विनच्या आसपास, म्हंजे ना लई पिवळा ना निळसर, असा बघा, निळसर पांढऱ्या एलईडीत डोळ्यातला पिवळेपणा, म्हंजे हलकी कावीळ, सहज निसटते.

बीडचा_ब्रदर: सेल ट्रिपल ए (AAA) साईजचे चार्जिंगवाले, बॉडी अ‍ॅल्युमिनियमची, स्पिरिटनं पुसता येते. क्लिप घट्ट बघा, आमच्याकडचे निम्मे खिशातून पडूनच गेले.

सिस्टर_लातूर: बटण दाबलं की डायरेक्ट फुल उजेड नाही ना पडत?

परभणीकर: काहींचा पडतो. लो मोडवर चालू होणाराच घ्या.