मदत हवी आहे: दमा की सीओपीडी? सगळेच रुग्ण सगळ्याच प्रश्नांना 'हो' म्हणतात

रानजाई

प्राथमिक आरोग्य केंद्राच्या ओपीडीसाठी एका पानाची मराठी प्रश्नावली करायची आहे. रुग्ण पस्तिशीपुढचे, जुना खोकला किंवा दम असलेले. विचारणार सिस्टर किंवा समुदाय आरोग्य अधिकारी, हाताशी फार तर आठ मिनिटं. स्पायरोमेट्री (यंत्रात फुंकून श्वास मोजायची चाचणी) उपजिल्हा रुग्णालयात होते, त्यामुळे सगळ्यांना पाठवता येत नाही. सध्याचा मसुदा असा:

दम लागतो का? खोकला आहे का? बेडका पडतो का? छातीत घरघर होते का? रात्री त्रास होतो का? धूम्रपान करता का?

पहिल्या पाचांना दम्याचेही 'हो' म्हणतात आणि सीओपीडीचेही (म्हणजे मुख्यतः धुराने श्वासनळ्या कायमच्या अडलेले). सहाव्याला बायका सरसकट 'नाही' म्हणतात. टीबी होऊन गेलेलेही याच रांगेत उभे. प्रत्येक 'हो'ला गुण द्यायचा विचार होता, पण सगळ्यांचेच पाच येतात. काय बदलावं?

धुराडं

गुणांचं नंतर बघू. तुमचे पाचही प्रश्न 'आहे का' असे आहेत, आणि या दोन्ही आजारांत ते सगळं असतंच. फरक कळतो तो त्रास कधी *नसतो* यावरून. दमा येतो-जातो. सीओपीडीत बरे-वाईट दिवस असतात, पण छाती पूर्ण मोकळी कधीच होत नाही.

दुसरी गोची शब्दाची. 'दम लागतो का' याला चढावर धापणारा हो म्हणतो, पहाटे छाती आवळून उठणारा हो म्हणतो आणि हिमोग्लोबिन ७ असलेली, 'अंगात दमच राहिला नाही' म्हणणारी बाईसुद्धा हो म्हणते. त्यात आपल्याकडे जुन्या खोकल्याला सरसकट दमा म्हणायची रीत. म्हणून 'दमा' हा शब्द कागदावर ठेवूच नका. त्याऐवजी असं विचारा:

"गेल्या वर्षात सलग आठ दिवस असे गेले का, की औषध न घेता नेहमीची सगळी कामं झाली आणि छातीची आठवणही आली नाही?" ठाम 'हो' आला तर पारडं दम्याकडे झुकतं. "तसं थोडं असतंच हो" हे उत्तर सीओपीडीकडचं.

"हे पहिल्यांदा कधी झालं?" यावर बहुतेक जण 'लई वर्सं झाली' म्हणतात. वर्ष विचारू नका, खुणा विचारा: शाळेत असताना? लग्नाआधी? पहिल्या बाळंतपणानंतर? लहानपणी बाळदमा म्हणायचे का? विशीच्या आतली सुरुवात दम्याकडे नेते, चाळिशीनंतरची सीओपीडीकडे. पण चाळिशीनंतरही दमा सुरू होतो, विशेषतः पिठाची गिरणी, सुतारकाम किंवा रंगकाम करणाऱ्यांत. तिथे जोडप्रश्न हवा: गावाला गेलात, चार दिवस काम बंद राहिलं, की बरं वाटतं का?

"गेल्या दिवाळीला न थांबता होणारं काम यंदा थांबत करावं लागतं का? सपाट रस्त्यावर बरोबरीच्या माणसांच्या मागे पडता का?" हळूहळू, एकाच दिशेने घसरण हा सीओपीडीचा स्वभाव.

'घरघर' हा शब्दही फसवा. घशात कफ वाजतो त्यालाही लोक घरघरच म्हणतात. विचारणाऱ्या सिस्टरने श्वास सोडताना बारीक शिट्टी वाजवून दाखवावी आणि विचारावं, "असा सूं सूं आवाज येतो का? खाकरल्यावर जातो का?" खाकरून गेला तर तो कफाचा. मग राहतो तो शिट्टीचा.

रात्रीच्या त्रासाची वेळ लिहा. पहाटे दोन ते पाच, खोकला आणि शिट्टी: दमा. उठल्याउठल्या अर्धा तास खाकरून कफ काढायचा आणि मग सुटल्यासारखं वाटायचं: सीओपीडी. झोपल्यावर तासा-दोन तासांनी गुदमरून उठून बसावं लागतं, उशा वाढल्यात, पाय सुजतात: आधी हृदय बघा.

धूम्रपानाचा प्रश्न 'धूर' असा करा. चुलीपाशी रोज किती तास आणि किती वर्षं? रोज ४ तास, ३० वर्षं म्हणजे १२० तास-वर्षं. ती बाई बिडी न ओढता धुरातच राहिली आहे. मशेरी भाजताना तव्यावरचा धूर नाकात जातो, तेही विचारा. बिडीवाल्याला 'दिवसाला किती' विचारलं की आकडा हमखास कमी येतो; 'एक बंडल किती दिवस पुरतं' विचारा. रोजच्या बिड्या गुणिले वर्षं: १५ बिड्या, २० वर्षं म्हणजे ३००. त्यापुढे जड धूम्रपान.

बोरबाभूळ

धुराडं यांचं पटतं, पण पान सुरू व्हायला हवं वेगळ्या ठिकाणी. दमा की सीओपीडी हा वाद सुरू करण्याआधी 'दोन्ही नाही' वाले बाजूला काढा.

दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, वजन घटणं, बेडक्यात रक्त: बेडका तपासणीला, बाकी प्रश्न थांबवा. टीबीचं औषध पूर्वी पूर्ण केलंय असं सांगणाऱ्याला पुन्हा टीबी नसेलही, पण व्रण उरलेली फुप्फुसं कायमची अडतात आणि चित्र हुबेहूब सीओपीडीसारखं दिसतं. त्याने आयुष्यात बिडी ओढलेली नसली, चूलही फुंकलेली नसली, तरीसुद्धा. 'टीबीचा कोर्स कधी केला होता का' ही ओळ पहिल्या तीनांत हवी.

रोज कपभर पिवळा-हिरवा कफ, कूस बदलली की जास्त: श्वासनळ्या रुंदावल्याची खूण, म्हणजे ब्रॉन्किएक्टेसिस. कोरडा खोकला, शिट्टी नाही, दम वाढतच चाललाय आणि घरात कबुतरं किंवा कूलर: फुप्फुसाच्या जाळीचा आजार. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी नोंदणीत अशा आजारांपैकी जवळपास निम्मे अ‍ॅलर्जीने आलेल्या न्यूमोनायटिसचे निघाले, आणि त्यांच्या संपर्कांत कूलर वारंवार आला. विदर्भात उन्हाळ्यात कूलरशिवाय घर सापडत नाही, म्हणून नुसतं 'आहे का' विचारून भागत नाही. पाणी आणि गवत बदललं कधी, ते विचारा.

बोलता बोलता बोटं बघा. दोन्ही हातांची तेच बोट नखाला नख लावून धरायला सांगा. मध्ये हिऱ्यासारखी फट दिसायला हवी. फट नसेल तर नखं फुगलीत, आणि ते दम्यातही होत नाही, सीओपीडीतही नाही. एक्स-रे काढल्याशिवाय त्याला पंप देऊन घरी पाठवू नका.

गडचिरोली-भंडाऱ्याकडचा रुग्ण, रात्रीचा खोकला, रक्तात इओसिनोफिल (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) दर मायक्रोलिटरला ३००० च्या वर: हत्तीरोगाच्या जंतूंमुळे होणारा इओसिनोफिलिया, म्हणजे याच पेशींची वाढ. लक्षणं दम्याची, औषध हत्तीरोगाची डीईसी गोळी.

रक्तदाबाची गोळी कोणती तेही विचारा. एनालाप्रिल, रामिप्रिलने कोरडा खोकला होतो. वर्षभर कफ सिरप पिणारे यातच सापडतात.

रानजाई

हे सगळं विचारूनही काही जण दोन्हीकडे पडतात. बाळदमा होता आणि तीस वर्षं चूलही फुंकलीय. त्यांच्यासाठी 'दोन्ही' अशी चौकट ठेवू का? आणि स्पायरोमेट्रीची तारीख मिळेपर्यंत काय द्यायचं?

धुराडं

चौकट ठेवा, पण रोगाचं नाव म्हणून नको. मध्यंतरी या सरमिसळीला 'दमा-सीओपीडी ओव्हरलॅप' असं स्वतंत्र नाव होतं. सीओपीडीची मार्गदर्शक तत्त्वं काढणाऱ्या 'गोल्ड' या आंतरराष्ट्रीय गटाच्या २०२० च्या अहवालापासून ते वापरत नाहीत. आजार दोन, एकाच छातीत, इतकंच म्हणायचं.

औषधाचा निर्णय डॉक्टरांचा, पण प्रश्नावलीने त्यांना एक गोष्ट ठळक सांगावी: दम्याची एकही पक्की खूण असेल तर श्वासातून घ्यायचं स्टिरॉइड हवंच. दीर्घकाळ चालणारं ब्रॉन्कोडायलेटर (श्वासनळ्या मोकळ्या करणारं औषध) एकटं द्यायचं नाही. नळ्या रुंदावतात, आतली सूज तशीच राहते, आणि एखाद्या रात्री तीव्र झटका येतो. म्हणून शंका असेल तिथे दमा धरून चाला. उलट बाजूने, साध्या सीओपीडीत स्टिरॉइडने न्यूमोनियाचा धोका वाढतो. रक्तातले इओसिनोफिल १०० च्या खाली असतील तर त्याचा उपयोगही फारसा नाही, ३०० च्या वर असतील तर आहे. मात्र जंतांमुळेही हा आकडा चढतो.

मोजपट्टी

गुणांबद्दल: बेरीज करूच नका. डावीकडे दम्याच्या खुणा, उजवीकडे सीओपीडीच्या, मध्ये रेघ. एका बाजूला तीनपेक्षा जास्त आणि दुसरीकडे एखादीच असेल तर कल कळला. बरोबरी झाली तर स्पायरोमेट्रीच्या यादीत तो आधी. तारीख महिनाभर लांब असेल तर पीक फ्लो मीटर (फुंकेचा वेग मोजायचं घरगुती साधन) द्या. सकाळ-संध्याकाळ तीन-तीन फुंका, त्यातली मोठी लिहायची, दोन आठवडे. सकाळी २२०, संध्याकाळी २९०: फरक ७०, सरासरी २५५, म्हणजे २७ टक्के. रोजच्या अशा टक्क्यांची दोन आठवड्यांची सरासरी १० च्या वर गेली तर हेलकावा दम्याचा.

पाठवताना चिठ्ठीवर लिहा: साल्ब्युटामॉल (लगेच आराम देणारा पंप) ४ ते ६ तास आधी बंद, दीर्घकाळचे पंप किमान २४ तास, त्यातलं टायोट्रोपियम असेल तर ३६ ते ४८ तास. त्रास वाढला तर मात्र पंप घ्यायचाच आणि तसं सांगायचं. मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालंय का हेही विचारा; फुंकताना डोळ्यावर ताण येतो, तारीख पुढे ढकला.

निकाल वाचताना एक चूक वारंवार होते. पंपाआधी एफईव्ही१ (पहिल्या सेकंदात जोराने सोडलेली हवा) १.२० लिटर, साल्ब्युटामॉल ४०० मायक्रोग्रॅम देऊन १५ मिनिटांनी १.३८. पंधरा टक्के वाढ दिसली की 'दमा' शिक्का बसतो. पण वाढ १८० मिलिलिटरच आहे; १२ टक्के आणि २०० मिलिलिटर, दोन्ही हवं. नव्या नियमाने वाढ वय-उंचीप्रमाणे अपेक्षित आकड्याच्या १० टक्क्यांहून जास्त हवी; अपेक्षित २.०० असेल तर ही वाढ ९ टक्केच. पंपानंतरचं एफईव्ही१ भागिले एफव्हीसी (एका दमात सोडलेली एकूण हवा) ०.७० च्या खाली राहिलं तर अडथळा कायम आहे, पण तो जुन्या दम्यातही राहतो. म्हणून प्रश्नावलीचा कागद रिपोर्टला टाचून ठेवा, वेगळा फाइल करू नका.

रानजाई

शेवटचं: "पंपाने फरक पडतो का" हा प्रश्न ठेवू का? उत्तरं फार विस्कळीत येतात.

मोजपट्टी

ठेवा, पण त्याआधी पंप घ्यायला लावून बघा. कॅप्सूल यंत्रात घालायच्या ऐवजी पाण्याबरोबर गिळणारे आहेत. दाबायच्या पंपात साधारण २०० फवारे असतात. संपल्यावरही नुसता वायू फुसफुसतो, म्हणून चालू वाटतो. रोज चार फवारे म्हणजे पन्नास दिवस. नवा पंप देताना डब्यावर मार्करने तारीख टाका, मग 'फरक पडत नाही' म्हणणाऱ्याचा डबा आधी उलटून बघा.